उभ्यानं येणारं फेफरं

तो कुत्रा मी रागाच्या भरात घरी आणला. प्रेमाबिमाने नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आता लोक म्हणतात, बाई किती मायाळू! मायाळू कसली डोंबलाची. माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागाहून येतं, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं.

आमचा जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी सावंतवाडीला गेले होते. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ, जुने शिकारी, त्या चैत्रात वारले होते. त्यांच्या परसात न्हाणीघराच्या आडोशाला एक कुत्रा बांधलेला दिसला. पांढरा, अंगभर तपकिरी ठिपके, लांब कान, आणि बरगड्या लांबून मोजता येतील इतका वाळलेला. मी कुंपणापलीकडून नुसतं पाहिलं, तर तो भिंतीत शिरायला बघू लागला.

"ह्याला फेफरं येतं," त्या गृहस्थांचा मुलगा म्हणाला. "शिवाय बंदुकीचा आवाज झाला की पळतो. शिकारीचा कुत्रा आणि बंदुकीला भितो, आता बोला! उद्या गडी नेऊन घाटात सोडणार आहे."

"औषध कधी दिलंत त्याला?"

"कुत्र्याला कोण औषध देतं?"

"मी देते. सोडा त्याची साखळी. मी नेते."

झालं. बोलून गेले, आणि बोललेलं मागे घेईन तर मी कसली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी भावाच्या ओळखीचा कौलांचा ट्रक मालवणला निघाला होता, त्याच्या केबिनमध्ये मी, ड्रायव्हर आणि माझ्या पायांवर हे थरथरणारं गाठोडं. कुडाळ येईपर्यंत त्यानं माझी साडी ओली केली होती. ड्रायव्हर हसला, मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे मालवणपर्यंत तो रस्त्याकडेच बघत राहिला.

घरी आम्ही दोघीच. नवरा बोटीवर, वर्षातले दहा महिने समुद्रात. मी आणि सासूबाई, आणि दोघींची तोंडं एकाच सहाणेवर घासलेली. त्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वाळत घातलेली आमसोलं उलटत होत्या. कुत्रा बघून उठल्या.

"गो, ह्यां खंयचां ध्यान हाडलंस? घरचां झालां थोडां आणि व्याह्यान धाडल्यान घोडां!"

"आजारी आहे, आई."

"मगे मी खंय धडधाकट आसय? माका नेलंस कधी ट्रकात घालून दवाखान्यात?"

पण तिसऱ्या दिवशी त्याला पहिलं फेफरं आलं, तेव्हा माझ्याआधी धावल्या त्याच. कुत्रा आडवा पडून चारी पाय झाडत होता, तोंडाला फेस, डोळे पांढरे. "अगो, मरता मा तो!" म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून कांदा आणून बुक्कीनं फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. आमच्याकडे माणसाला फेफरं आलं की हेच करतात. दोनेक मिनिटांत तो शांत झाला, उठला आणि भिंतींवर आपटत फिरू लागला. सासूबाई म्हणाल्या, "फाल्यां सकाळीच ह्येका डॉक्टराकडे ने. माझ्यान बघवना नाय."

गुरांचा दवाखाना पाऊण तासाच्या चालीवर. डॉक्टर तरुण, घाटावरचे, बोलायला मोजके. माणसाला फेफऱ्यावर देतात तीच गोळी त्यांनी दिली. सकाळ-संध्याकाळ, वेळ चुकवायची नाही, जन्मभर. "जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकता कामा नये," ते म्हणाले. "आणि फेफरं आलं की वहीत लिहून ठेवा. दर वेळी पडून पाय झाडेलच असं नाही, एखादं जनावर नुसतं एकटक बघत उभंही राहतं. तेही लिहा. पण मला विचारल्याशिवाय गोळी वाढवायची नाही." मी शिक्षिका. घरी येऊन दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर ही सगळी वाक्यं लिहिली, आणि शेवटचं लाल शाईनं.

कुत्र्याला एक इंग्रजी नाव होतं. त्या नावानं हाक मारली की तो पडवीतल्या बाकड्याखाली जाई. म्हणून ते नाव आम्ही टाकलं. सासूबाई त्याला 'झिला' म्हणू लागल्या, आमच्याकडे मुलाला म्हणतात तसं, आणि तेच चालू राहिलं. तो त्या बाकड्याखालीच राहायचा. छत्री उघडली की लघवी. नारळ पडला की लघवी. मी जवळ जाऊन गोड गोड बोलायची, आणि तो आणखी आत सरकायचा. मी रडकुंडीला यायची. सासूबाई मात्र रोज त्या बाकड्यापुढे पाट टाकून, त्याच्याकडे पाठ करून मासळी साफ करायला बसत. त्याच्याशी एक अक्षर नाही.

"बघू नको तेच्याकडे," त्या मला म्हणाल्या. "नवी सून घरात इली आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघीत रवले, तर ती जेवात काय गो?"

मी हातातलं काम ठेवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या बाईनं आठ दिवस माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि मी तो राग कितीतरी वर्षं मनात ठेवला होता. बाराव्या दिवशी कुत्रा बाकड्याखालून निघाला आणि सासूबाईंच्या पाठीला नाक लावून उभा राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बांगड्याचा तुकडा फक्त मागे सरकवला.

गोळी त्या तुकड्यातच जायची. काटे काढून द्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. श्रावण आला तेव्हा मला वाटलं, आता कसं? घरात श्रावणभर मासळीचा वासही चालत नसे. श्रावणाच्या पहिल्या सकाळी बघते तर सासूबाई खळ्याच्या टोकाला तीन दगड मांडून सुका बांगडा भाजतायत, नाकाला पदर लावून. "देवाक मी सांगलंय," म्हणाल्या, "ह्यां औषध. खाणां न्हय." त्या पावसाळ्यात त्याला दोनच फेफरी आली, भाद्रपदात एकही नाही. मला काय अभिमान! मास्तरीणबाईंनी कुत्रा बरा केला.

दसरा गेला, भातं कापून झाली. घरामागचे कुणगे, म्हणजे आमच्याकडचे बांध घातलेले भाताचे तुकडे, मोकळे झाले, तशी मी त्याला सकाळी शाळेपूर्वी तिकडे फिरवू लागले. पहिल्यांदाच तो माझ्या पुढे चालला. नाक जमिनीला, शेपूट हलती. आणि अचानक थांबला. पुढचा डावा पाय उचललेला, शेपूट काठीसारखी ताठ, अंगातून बारीक कंप, नजर समोरच्या गवतावर खिळलेली. "झिला!" मी हाक मारली. ऐकू गेलं नाही. तोंडातून लाळेची तार.

डॉक्टर म्हणाले होते तेच. एकटक बघत उभं राहतं. मी धावले, त्याला धरून आडवं पाडलं, आणि ओरडून सासूबाईंना कांदा आणायला लावला. नाकाशी कांदा येताच तो शिंकला, धडपडून उठला आणि माझ्याकडे बघत राहिला. "इलो शुद्धीर," सासूबाई म्हणाल्या. मी वहीत लिहिलं.

दोन दिवसांनी परत तेच. मग रोजच. आता मी घरूनच फोडलेला कांदा फडक्यात बांधून न्यायची. तो पाय उचलून उभा राहिला की मी धावायची, दाबून बसवायची, कांदा हुंगवायची. गावात कुणाला विचारावं तर आमच्या गावात शिकारी कुत्रा म्हणजे भुंकत रानडुकरावर तुटून पडणारा. उभा राहणारा कुणी पाहिलाच नव्हता. जो तो म्हणे, वाढला वाटतं आजार.

आणि मी गोळी वाढवली. आधी अर्धी. मग आणखी अर्धी. दवाखान्यात जायचं तर अर्ध्या दिवसाची रजा, शाळेत तपासणी तोंडावर, आणि मुख्य म्हणजे मला सगळं कळतच होतं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. लाल शाईतलं वाक्य रोज वहीच्या पहिल्या पानावर होतं, मी वही शेवटच्या पानावर उघडत होते. गंमत अशी की औषध लागूही पडलं. मार्गशीर्षात ती उभ्याची फेफरी कमी झाली, मग थांबली. थांबणार नाहीत तर काय? कुत्र्याला धड चालताच येईना. मागचे पाय लटपटत, पाण्याच्या भांड्यात तोंड घालून तो तसाच झोपे. मी म्हणायची, आजार अंगात मुरलाय. पौष लागला तेव्हा त्यानं बांगड्याचा तुकडा तोंडातून खाली टाकला. सासूबाईंनी तो उचलून परत भरवला, त्यानं परत टाकला. दिवेलागणीला त्या तुळशीपुढे उभ्या राहून देवाला गाऱ्हाणं घालत होत्या, मला ऐकू येऊ नये अशा आवाजात.

त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत खळ्यात आले. डोक्याला मुंडासं, पाय धुळीनं भरलेले. सावंतवाडीहून आलो म्हणाले. त्या वारलेल्या शिकाऱ्यांकडे त्यांनी पस्तीस वर्षं कुत्रे सांभाळले होते. आजारी पडून ते लेकीकडे गेले होते, त्या काळात हा कुत्रा कुणीतरी नेला असं त्यांना कळलं. माझ्या भावाला विचारून विचारून ते इथवर पोचले होते. "जिवंत आसा काय, इतक्याच बघूक इलंय," ते म्हणाले.

मी पडवीकडे बोट केलं. गोणपाटावर पडलेल्या झिलानं मान उचलली. चार दिवसांत पहिल्यांदा त्याची शेपूट जमिनीवर दोनदा आपटली. म्हातारे खाली बसले. "वळाखल्यान! माका वळाखल्यान!" असं म्हणत त्यांनी मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. मग त्याची पापणी उलटून पाहिली, पाय हलवून पाहिले, आणि माझ्याकडे वळले. "बाईनू, ह्येका झाला काय?"

मी वही आणली. काही लपवलं नाही, उलट जरा तोऱ्यातच वाचू लागले. किती काळजीनं सांभाळलाय ते कळू दे ह्यांना! "सकाळी सात. कुणग्यात. उभ्याने. पुढचा डावा पाय उचललेला. शेपूट ताठ. नजर गवतावर. हाक ऐकू येत नाही. कांदा हुंगवल्यावर शुद्धीवर." पुढची नोंद वाचली. त्याच्या पुढची. पाहते तर म्हातारे तोंडावर हात धरून हसतायत.

"हसता काय?" मी कडाडले. "इथे जनावर मरतंय!"

त्यांचं हसणं थांबलं. "बाईनू, थंय गवतात काय होता, तां बघलात?"

"मी कुत्र्याकडे बघत होते. गवताकडे कशाला बघू?"

"थंयच चुकलां. त्या गवतात लावो होतो. पक्षी. ह्यां फेफरां न्हय, बाईनू. ह्यां तेचां काम. हो भुंकणारो कुत्रो न्हय, पक्षी दाखवणारो. वास इलो की पाय उचलून थंयच उभो रवतलो, मालक येयसर हलाचो नाय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं पेजेचं भांडं तिरकं झालं आणि पेज उंबऱ्यावर सांडली. कुणीच तिकडे पाहिलं नाही.

"ह्येका पिल्लू असल्यापासना मी शिकवलंय," म्हातारे सांगत होते, कुत्र्याच्या कानावरून हात फिरवत. "पण ल्हान मालकान मस्करी म्हणान ह्येच्या कानाकडे बंदूक उडवल्यान. तेच्या फुडे ह्येना कोणाकच पक्षी दाखवल्यान नाय. मोठ्या मालकाक नाय. माका सुद्धा नाय. तुमका दाखवल्यान. किती वेळा म्हणालात?"

मी वही चाळली. एकेक नोंद मोजली. "सतरा," मी म्हणाले.

"सतरा वेळा," ते म्हणाले.

झिलानं सतरा वेळा मला सांगितलं की आता मी भीत नाही, हे बघ, तुझ्यासाठी शोधलंय. आणि मी सतरा वेळा त्याला चिखलात दाबून त्याच्या नाकात कांदा कोंबला. ते काम जिथून येतं ते सगळं गोळ्या घालून विझवलं. तेवढ्यावर न थांबता जीवही घ्यायला निघाले होते.

जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून मी आणि म्हाताऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी घरातून उठून आले. वहीचं पहिलं पान त्यांनी उघडलं, लाल ओळ वाचली. "हे कुणी लिहिलंय?"

"मीच," मी म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ओरडले नाहीत. लिव्हरला सूज आली आहे, जगेल की नाही सांगता येत नाही, म्हणाले. आणि गोळी एकदम बंद केली तर फेफऱ्यातच जाईल, तेव्हा पाव-पावानं, दर आठवड्याला थोडी उतरवायची. मी खाली मान घालून सगळं ऐकलं. नवऱ्याचं नसेल ऐकलं इतकं.

म्हातारे आठ दिवस राहिले. झोळी पोटाखालून घालून त्याला कसं उभं करायचं, अंगावर फोड येऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, ते त्यांनी शिकवलं. सासूबाई चमच्यानं पेजेची निवळ पाजत. मी शाळेतून धावत येई. गोळी उतरवण्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला खरं फेफरं आलं, पाय झाडणारं. सासूबाई सवयीनं कांदा घेऊन आल्या, दोन पावलांवर थांबल्या, आणि तो कांदा त्यांनी खळ्यापलीकडे भिरकावला. "शिरा पडली ह्या कांद्यार!" अशी शिवी हासडून त्या मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकत्र रडलो नव्हतो. मिनिटभरात तो शांत झाला आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

आठव्या दिवशी जाताना म्हाताऱ्यांनी मला एकच गोष्ट पक्की सांगितली होती. "परत कधी पाय उचलून उभो रवलो, तर तुम्ही बाजूक जावन फुडे व्हा. टाळी नको, भियात. पायान गवत हलवा, पक्षी उडवा, आणि मगे तेका शाबास म्हणा. तवसर तो पाय खाली ठेवचो नाय. तेचां काम पुरां होणा नाय." पण तोंडानं न म्हटलेलं दोघांनाही कळत होतं. बंदुकीनंतर त्यानं काम टाकलं होतं. कांद्यानंतर ते परत करील कशाला?

तो जगला. पुढे सहा वर्षं जगला, आणि त्याचे मी देवाचे, त्या घाटावरच्या डॉक्टरांचे, त्या म्हाताऱ्यांचे आणि सासूबाईंचे किती आभार मानले असतील. आभार मानणं मला तोवर येतच नव्हतं. पण जगणं निराळं आणि पक्षी दाखवणं निराळं. माघभर मी त्याला कुणग्यांत नेत होते. तो माझ्या टाचेशी चालायचा, नाक वर करायचा नाही. गवताकडे बघायचाही नाही. मी त्याला काही म्हणत नसे. काय तोंडानं म्हणणार?

शिमगा जवळ आला होता. कुणग्यांत कुळीथ पिकून वाळत आला होता. सकाळी वारा खाडीकडून येत होता. झिला टाचेशी चालता चालता थांबला. मी दोन पावलं पुढे जाऊन मागे पाहिलं. त्याचं नाक उचललं गेलं होतं. मग तो माझ्या बाजूनं पुढे गेला, पोट खाली घालून, एकेक पाऊल. आणि उभा राहिला. डावा पाय वर. शेपूट ताठ. मागचा एक पाय अजून अशक्त होता, तो लटपटत होता, पण झिला हलला नाही.

मला म्हाताऱ्यांचं सगळं आठवलं. बाजूनं, हळू, मी पुढे होऊ लागले. मी जवळ आले तसं त्यानं डोळे घट्ट मिटले आणि नाक दुसरीकडे वळवलं. कांदा येणार म्हणून. त्याला पक्कं ठाऊक होतं की आता कांदा येणार. तरी त्यानं पाय खाली ठेवला नव्हता.

मी त्याला ओलांडून गेले आणि पायानं कुळीथ हलवला. तीन लावे भुर्रकन उडून बांधापलीकडे गेले. डोळे पुसून मी त्याला शाबास म्हटलं. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि पाय खाली ठेवला.